जोड

रेइनो हापाला बास घेऊन आला तेव्हा
थंडर बेमध्ये उणे एकतीस होतं.
पेटीभोवती गोधडी गुंडाळलेली,
तापलेलं पोर दवाखान्यात आणावं तशी.
"आठ तारांचा करून दे," म्हणाला.
बूट झटकले नाहीत. बसलाही नाही.

मी म्हटलं, आयता मिळतो, नवा घे.
मी म्हटलं, याच्या डोक्यावर जागा कुठंय,
चार खुंट्यांनीच गच्च झालंय.
मी म्हटलं, चाळीस वर्षांची मेपलची मान ही,
एवढा ताण वाढवलास तर धनुष्य होईल,
मग बाण तूच शोध.

तो गप्प.
इथल्या फिनिश म्हाताऱ्यांचं गप्प बसणं
म्हणजे बोलणंच असतं, फक्त हळू.
याच गावात वाढले मी. थांबले.

कर्टिस गेला, असं निघालं.
मेला नाही. अल्बर्टाला गेला, तेलाच्या कामावर,
गिटार, अँप,
आणि मोरीनचं उसनं नेलेलं बर्फाचं फावडं घेऊन.
माजी सैनिकांच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी
तिघं वाजवायची. आता ड्रमवर मोरीन, आणि हा.
लोक नाचतात अजून,
पण अंधारात नसलेल्या पायरीवर
पाय टाकल्यासारखे अडखळतात.

"प्रत्येक जाड तारेशेजारी एक बारीक दे.
एक सप्तक वर.
एका बोटाखाली दोघं वाजली पाहिजेत."

एवढं बोलायला त्याला तीन कप कॉफी लागली.

तारा उतरवल्या. तळहाताखाली मान
किंचित मागे गेली, झोपेत कूस बदलावी तशी.
तारदान उखडलं, बैलाच्या हाडाचं नवं घासलं:
एक खाच रुंद, तिच्या कडेला सुईएवढी,
पुन्हा रुंद, पुन्हा सुईएवढी.
माप चुकलं. फेकलं.
दुसरंही चुकलं, त्यानं आता बिलं दाबून ठेवते.
तिसरं बसलं.
घोडीसाठी पितळेचा तुकडा
बंदरावरच्या वेल्डरकडून कापून आणला,
त्यानं पैसे घेतले नाहीत, पण तासभर
स्वतःच्या गुडघ्याबद्दल सांगितलं.
डोक्यात चार भोकं पाडली, गिटारच्या बारक्या खुंट्या बसवल्या.
ड्रिल चालू असताना रेडिओ बंद ठेवला.

मग कागदावर हिशेब केला.
चार तारांची ओढ ऐंशी किलो.
बारक्या चारांची वर साठ.

साठ.
मी पेन्सिल खाली ठेवली.
कर्टिस हडकुळा. हिवाळी बुटांसकट
एवढाच भरत असेल.

मानेतल्या लोखंडी गजाला पाव फेरा दिला.
रात्र जाऊ दिली. आणखी पाव.
लाकूड कुरकुरलं.
सुंभ नसला म्हणून काय, पीळ याच्यातही होता.
तिसऱ्या दिवशी पट्टी लावून पाहिलं: सरळ,
कागद सरकेल एवढीच फट.

रेइनोनं खांद्याला लावला तसं डोकं जमिनीकडे गेलं.
आठ खुंट्यांचं ओझं.
"मान खाली घालतोय," तो म्हणाला,
आणि डावा हात खाली धरून वर उचलला,
लग्नात लाजणाऱ्या भाच्याची हनुवटी उचलावी तसा.
मग सर्वांत जाड जोडी छेडली.

खालून मालगाडी यावी
आणि तिच्याच टपावर कुणीतरी शीळ घालत बसलेलं असावं.
खिडकीची काच थरथरली. मांजर उठून गेलं.
तो एकच सूर वाजवत राहिला, फार वेळ,
माझ्याकडे न बघता.

दोन मिनिटांत तिसऱ्या जोडीतली बारीक तार उतरली.
नवी तार, ताणायला वेळ घेते.
मी खुंटीकडे हात नेला.
"असू दे," रेइनो म्हणाला,
"तो नेहमीच जरासा उतरलेला असायचा."

पैसे रोख दिले, वर धुरावलेला मासा,
वर्तमानपत्रात. बातमी तेलाच्या भावाची होती,
मी वाचली नाही.

शुक्रवारी मला जाता आलं नाही.
मोरीन दुकानात भेटली, नवं फावडं घेत होती.
म्हणाली, गर्दी होती, लोक नाचले.
पायरीचं विचारायचं राहिलं.